डाव्या बाहीचं अस्तर

उज्ज्वलाला रडू आलं ते आनंदानं. पण आनंदाचं रडू आणि दुःखाचं रडू व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाकडून सारखंच दिसतं, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

दुसऱ्या टोकाला, उपचार केंद्राच्या बाकावर, तिचा नवरा राजगोंडा मगदूम आपल्या पाळीची वाट बघत बसला होता. डॉक्टरांच्या खोलीचं दार उघडलं, उज्ज्वला बाहेर आली आणि चारचौघांत कुणी रडताना बघू नये म्हणून पदर डोळ्यांना लावून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तेवढ्यात आतून राजगोंडाचं नाव पुकारलं गेलं. तो उठला, तिच्या शेजारून जाताना जरा थबकला, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि काही न बोलता आत गेला.

काही बोलला नाही यात त्याची चूक नव्हती. त्यांच्यात तसा रिवाजच होता. दोघांनाही एचआयव्ही होता. तिचा पहिला नवरा त्यातच गेला, त्याची पहिली बायकोही त्यातच गेली. पुढे बाधित मंडळींच्या एका संस्थेनं भरवलेल्या वधू-वर मेळाव्यात दोघांची गाठ पडली आणि लग्न झालं. या मंडळींनी आयुष्यभर इतके प्रश्न ऐकलेले असतात, कुणाकडून लागला, कधी लागला, भांडी वेगळी ठेवता का, की आपसात त्यांनी एक अलिखित नियमच करून टाकला होता: दुसऱ्याचा रिपोर्ट विचारायचा नाही. त्यानं आपणहून सांगितला तर ऐकायचा, नाहीतर चहा पाजायचा आणि क्रिकेटवर बोलायचं. इतक्या वर्षांच्या संसारात उज्ज्वलानं नवऱ्याला त्याच्या रसवंतीच्या गल्ल्यापासून घोरण्यापर्यंत सगळ्याचा जाब विचारला होता, रिपोर्ट मात्र कधी विचारला नव्हता.

तोवर काळही पुढे सरकला होता. रोजच्या गोळ्या जाऊन दोन महिन्यांतून एकदा घ्यायची सुई आली होती. ती घेतली की विषाणू गप्प पडून राहायचा आणि माणूस आळीतल्या इतरांसारखाच गुडघ्याची आणि शुगरची तक्रार करत म्हातारा व्हायचा. राजगोंडाचं तसंच छान चाललं होतं. उज्ज्वलाचं मात्र बिघडलं होतं. तिच्या अंगातला विषाणू औषधांना सरावत चालला होता. दोन औषधं निकामी झाली होती आणि तिसरं डळमळत होतं. डॉ. आफरीन मुजावर यांनी तिला समोर बसवून सांगितलं होतं, “काकू, हे किती साथ देईल सांगता येत नाही. याच्यापुढचं माझ्या कपाटात तुमच्यासाठी काही नाही.”

हे तिनं राजगोंडाला सांगितलं नव्हतं. त्यानं विचारलंही नव्हतं. तिनं नव्या उपचारासाठी नाव द्यायचं ठरवलं तेव्हा तो फक्त एवढंच म्हणाला, “मग मीबी देतो की नाव. जोडीनं जाऊ.”

नवा उपचार काय आहे हे समजावताना डॉक्टरांनी आधी पडद्यावर रंगीत गोळे आणि वेटोळी दाखवली. उज्ज्वला मान डोलवत राहिली, पण डोक्यात काही शिरेना. मग बोलता बोलता डॉक्टरांना कळलं की ही बाई कापड कारखान्यात मेंडिंगला आहे. मागावरून उतरलेल्या कापडात कुठे धागा तुटलेला असतो, कुठे जाळी पडलेली असते. ते सुईनं असं भरायचं की गिऱ्हाइकाला कळता कामा नये. दोष शोधायला इचलकरंजीत आता कॅमेरे आले होते, पण भरायला अजून बायकांचीच बोटं लागत.

“मग सोपंच झालं,” डॉक्टरांनी पडदा बंद केला. “आपल्या पेशीतला डीएनए म्हणजे लांबच लांब कापड समजा. ते रोज कुठं ना कुठं फाटतं. उन्हानं फाटतं, एक्सरेनं फाटतं, नुसत्या वयानंही फाटतं. ते भरायला पेशीत खास प्रथिनं असतात. मेंडिंग खातंच म्हणा.”

“आणि आमचा हा पाहुणा?”

“पाहुणा येतो, आपल्या कापडाला कात्री लावतो आणि मधे स्वतःचं ठिगळ ठेवतो. गंमत अशी, की त्याच्याकडे कात्री आहे, सुई नाही. ठिगळाची टोकं लोंबत राहतात. मग आपलीच प्रथिनं धावत येतात, काहीतरी फाटलंय म्हणून, आणि दोन्ही टोकं बेमालूम भरून देतात.”

उज्ज्वलाला मनापासून राग आला. “म्हंजे चोराचं ठिगळ आमच्याच बायका शिवून देत्यात?”

“फुकटात.”

“आणि कुणी बघत न्हाई?”

“भरताना बघायला वेळ कुठं असतो? तुम्हीच सांगा.”

ते उज्ज्वलाला पटलं. एकदा शिवलं गेलं की ते ठिगळ वर्षानुवर्षं तसंच राहतं; दोन महिन्यांच्या सुईनं विषाणू वाढायचा थांबतो, पण ठिगळ जात नाही. ते उसवायला शास्त्रज्ञांनी रेणूंची एक कात्री केव्हाच तयार केली होती, नेमकी ठिगळाच्या टोकांवर चालणारी. अडलं ते दुरुस्तीपाशीच. पेशीत मेंडिंगच्या दोन टोळ्या असतात, एक घाईची आणि एक निगुतीची. घाईची टोळी फाटकी टोकं दिसली की दे टाके, ताडून बघणं वगैरे काही नाही. कात्रीनं ठिगळ कापलं की हीच टोळी आधी पोचायची आणि ते जागच्या जागी परत शिवून टाकायची. तेही असं वेडंवाकडं, की पुढच्या वेळी कात्रीला ती जागा ओळखूच येऊ नये. म्हणजे विषाणू वाचायचा तो वाचायचाच, वर कात्रीच्या तावडीतून कायमचा सुटायचा. नव्या औषधाची करामत एवढीच होती, की घाईच्या टोळीला काही आठवडे रजेवर पाठवायचं. मग निगुतीची टोळी सावकाश येते, ठिगळाच्या दोन्ही टोकांची एकसारखी नक्षी जुळवते आणि मधलं ठिगळ गळून पडतं. नाहीच जमलं तर ती पेशी मरते, आणि तेही चालतं.

“पण रजेच्या दिवसांत जपायचं,” डॉक्टर म्हणाल्या. “दीड महिना ऊन नाही, एक्सरे नाही, विमान नाही. भरणारे हात कमी, तेव्हा फाटणंही कमी हवं.”

काही माणसांची निगुतीची टोळी जन्मतःच अशक्त असते. त्यांच्या अंगात घाईची टोळीही रजेवर गेली तर मेंडिंग खात्याला कुलूपच, म्हणून त्यांना हा उपचार चालत नाही. ते आधी रक्त तपासून ठरायचं. जे पास होतील त्यांच्या डाव्या हाताला कोपराखाली त्याच दिवशी औषधाचा एक थेंब टोचायचा आणि पंधरवड्यानं ती जागा कशी सावरली ते बघायचं. तोवर त्या जागेवर दुहेरी कापड हवं. उन्हाची तिरीप जरी लागली तरी तिथं टिकलीएवढा लालभडक डाग उठणार.

तर त्या दिवशी उज्ज्वला पास झाली होती. पदराआड डाव्या हाताला टोचलेली जागा चुरचुरत होती आणि राजगोंडा कधी बाहेर येतो आणि त्याला कधी सांगते असं तिला झालं होतं.

तो बाहेर आला. एरवी कोपराच्या वर दुमडलेल्या बाह्या त्यानं खाली सोडल्या होत्या, मनगटाशी बटणंही लावली होती. उसाच्या चरकावर आयुष्य काढलेला हा माणूस त्या बंद बाह्यांत अगदीच हरल्यासारखा दिसत होता. तिनं तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, “मी नापास झालो बघ, उज्ज्वला.” आणि वर हसला. “शाळेपासनंची सवय.”

उज्ज्वलाला दिसलं ते एवढंच, की आपण बऱ्या होऊन घरात वावरतोय आणि हा माणूस दर दोन महिन्यांनी एकटा येऊन या बाकावर बसतोय. ते तिला सहन होईना.

“मीबी,” ती म्हणाली. “मीबी नापास.”

राजगोंडानं तिच्याकडे बघून सावकाश मान हलवली. हे आपल्याला आधीच ठाऊक होतं अशी ती मान होती, पण तिच्या ते लक्षात आलं नाही. “असू दे,” तो म्हणाला. “चल, भेळ खाऊया.”

आठवड्यानं ती एकटीच केंद्रात गेली.

“मला उपचारातली माझी जागा नको, डॉक्टर. दुसऱ्या कुणाला द्या.”

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. “का?”

“ह्ये नापास झाले. मी बरी होऊन बसू आणि ते एकटेच सुई घ्यायला येणार? आम्ही जोडीनं येतो. जोडीनंच येणार.”

डॉक्टरांनी बोलायला तोंड उघडलं. मग मिटलं. परत उघडलं, परत मिटलं. “काकू,” त्या शेवटी म्हणाल्या, “दुसऱ्या पेशंटबद्दल मला एक अक्षर बोलता येत नाही. कायदा आहे.”

“मी कुठं बोला म्हणते? मला माहीतच हाय की.”

“तुम्हाला माहीत आहे!” डॉक्टर छताकडे बघून म्हणाल्या. “बरं. तुम्ही दोघं घरी एकमेकांशी बोलता का?”

“लई बोलतो.”

“कशावर?”

“उसावर. शेजाऱ्यांवर.”

“आजारावर?”

“त्याच्यावर काय बोलायचं? दोघांनाबी हाय.”

डॉक्टरांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. “शनिवारपर्यंत मी तुमचं नाव काढणार नाही. तोवर घरी जा आणि नवऱ्याला सांगा, तुमचं औषध संपत आलंय म्हणून.”

“त्यांना कशाला जिवाला घोर?”

“काकू!” डॉक्टर एवढ्या मोठ्यानं ओरडल्या, की बाहेरची नर्स काय झालं म्हणून डोकावून गेली.

उज्ज्वला घरी आली ती जरा फुरंगटूनच. आजकालच्या डॉक्टरांना पेशंटशी बोलायची रीत नाही, असं तिचं मत झालं.

एप्रिल तापला होता. बसस्टँडजवळच्या राजगोंडाच्या रसवंतीवर घुंगरांचा चरक दिवसभर वाजायचा, आणि मालक मात्र मनगटापर्यंत बटणं लावून ऊस घालत असायचा. बाह्या रसानं चिकट व्हायच्या, माश्या बसायच्या, गिऱ्हाइकं विचारायची, “अण्णा, लग्नाला निघालाय काय?” घरी उज्ज्वला लांब बाह्यांचं ब्लाउज घालून घामाच्या धारा पुसत बसायची आणि राजगोंडानं विचारलं की म्हणायची, “फॅशन हाय.” सांडगे घातले तेव्हा तर कहर झाला. ते गच्चीवर नेऊन पसरायचे कुणी? राजगोंडाचा गुडघा अचानक दुखायला लागला. उज्ज्वलाला अचानक चक्कर यायला लागली. दोघांनीही एकमेकांची मायेनं चौकशी केली, गच्चीवर कुणीच गेलं नाही, आणि सांडगे ताटात बसल्या जागी आंबले.

शनिवारी सकाळी तिनं त्याचा रसाचा शर्ट धुवायला घेतला. यंत्रात घालण्याआधी बाह्यांचे डाग हातानं चोळायची तिची सवय होती. डाव्या बाहीला हात लावला आणि तिची बोटं थबकली. बाही जाड लागत होती. तिनं ती उलटी केली.

आतून अस्तर लावलं होतं. जुन्या छत्रीचं काळं कापड, कडा न दुमडता कापलेलं, आणि पोती शिवायच्या सुतळीनं घातलेले टाके. टाके म्हणायचे एवढंच; एक बोटभर लांब तर पुढचा दोन बोटं. उज्ज्वलाला आधी धक्का बसला तो त्या शिवणीचाच. मेंडिंगवाल्या बाईच्या घरात, तिच्या डोळ्यांदेखत, असली शिवण! ती तोंडानं चक् चक् करत उसवायला सुई शोधायला उठली, आणि उठता उठता तिचं लक्ष स्वतःच्या डाव्या हाताकडे गेलं. तिच्या ब्लाउजच्या डाव्या बाहीतही अस्तर होतं. बारीक टाक्यांचं, बाहेरून न दिसणारं, पण अस्तरच. ते लावायला तिला डॉक्टरांनी सांगितलं होतं. आणि डॉक्टर ते कुणाला सांगतात? पास झालेल्यांना.

तिनं शर्ट पिळला, तसाच ओला बगलेत मारला आणि डोक्यावरून पदर घेऊन निघाली.

रसवंतीवर तीन-चार गिऱ्हाइकं होती. राजगोंडा चरकात ऊस सारत होता.

“डावी बाही वर करा,” उज्ज्वला म्हणाली.

“आं?”

“बाही वर करा म्हणते.”

“धंद्याच्या वेळेला काय हे? दुपारनं बघू.”

“आत्ता!”

तिनं ओला शर्ट उलटा करून फळीवर आपटला. काळं कापड आणि सुतळीचे टाके सगळ्यांना दिसले. बाकावरचे एक पेन्शनर चष्मा सावरत म्हणाले, “कुणी शिवलंय हो हे? फौजदारी गुन्हा आहे.”

राजगोंडानं शर्टाकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि चरक बंद केला. घुंगरं थांबली. त्याची नजर तिच्या लांब बाहीवर गेली आणि तिथंच खिळली.

“आणि तुझी फॅशन?” त्यानं हळूच विचारलं. “तुझीबी डावीच बाही जाड हाय काय?”

दोघांनी बाह्या वर केल्या. त्याच्या हातावर लालभडक टिकली होती. अस्तर असूनही कधीतरी ऊन लागलंच होतं. तिच्या हातावर फिकट गुलाबी. गिऱ्हाइकांना काही कळेना. त्यांना वाटलं, दोघांनी मिळून काहीतरी गोंदवून घेतलंय.

“तुम्ही खोटं बोललासा,” ती म्हणाली.

“तू रडत होतीस. भिंतीकडं तोंड करून. मला वाटलं, ही गेली. म्हटलं, आपण पास झालो म्हणून सांगायचं कुठल्या तोंडानं?”

“आनंदानं रडत होते!”

“मग तू का खोटं बोललीस?”

“तुम्ही नापास म्हणालासा म्हणून!”

राजगोंडानं कपाळावर हात मारला. पेन्शनर म्हणाले, “मधे बोलतो, माफ करा, पण माझ्या रसात आलं घाला.”

त्यांना आलं घालून रस मिळाला, बाकीच्यांना नुसतीच दिलगिरी मिळाली, आणि नवरा-बायको रिक्षा करून केंद्रात पोचले. रस्त्यात दोघांनाही अधूनमधून हसू फुटत होतं.

त्यांना जोडीनं आत येताना बघून, बाह्या वर केलेल्या बघून, डॉ. आफरीन खुर्चीतून उठल्याच. “बोललात? एकमेकांशी? देवा, सुटले मी!” त्यांनी आधी उज्ज्वलाला मिठी मारली आणि मग एकदम त्यांचा चेहरा उतरला. “पण काका, तुम्ही त्याच दिवशी, टोचून झाल्यावर, नकार लिहून दिलात. तुमची जागा दुसऱ्या पेशंटला गेलीसुद्धा. काकूंचीच तेवढी राहिली आहे.”

“मग मीबी पुढच्या खेपेला,” उज्ज्वला लगेच म्हणाली. “जोडीनंच.”

“पुढची खेप वर्षानं आहे. तोवर तुमचं औषध टिकेल असं मी म्हणू शकत नाही, काकू. तुम्हाला माहीत आहे.”

राजगोंडानं बायकोकडे वळून बघितलं. “कुठलं औषध टिकत न्हाई?”

“माझं,” उज्ज्वला टेबलाकडे बघत म्हणाली.

“उज्ज्वला, हे मला कधी सांगणार होतीस?”

“तुम्ही कधी विचारलंत?”

हे ती रागानं बोलली नाही, पण राजगोंडाला लागायचं तिथंच ते लागलं. तो खुर्चीत बसला, हातावर हात चोळत राहिला. इतकी वर्षं ज्याला तो बायकोचा मान राखणं समजत होता, त्यात तिला एवढं मोठं भय एकटीला वाहावं लागलं होतं, आणि या विचारानं त्याचे डोळे भरून आले.

“आता विचारतो,” तो म्हणाला. “सगळं सांग. पहिल्यापासनं.”

मग तिनं सांगितलं. दोन औषधं कशी गेली, तिसरं कसं जायला लागलंय, डॉक्टरांच्या कपाटात पुढचं काही कसं नाही. डॉक्टर खिडकीबाहेर बघत उभ्या होत्या आणि बाहेर काही बघण्यासारखं नव्हतं.

“तर तू आजच नाव पक्कं करायचं,” सगळं ऐकून राजगोंडा म्हणाला.

“आणि तुम्ही एकटे पडणार.”

“एकटा कसा? बरी झालीस की घर सोडणार हाईस?”

“न्हाई.”

“मी बरा झालो असतो तर मी सोडलं असतं?”

“न्हाई.”

“मग कोण एकटं पडत होतं? आपण दोघं खोटं बोललो ते कशापायी?”

“हाच प्रश्न,” डॉक्टर खिडकीजवळूनच म्हणाल्या, “मी पंधरवडाभर गिळून बसले आहे.”

उज्ज्वला हसायला लागली. हसता हसता रडली, आणि या वेळी राजगोंडानं वाकून तिचं तोंड नीट बघून घेतलं, नक्की कुठल्या जातीचं रडू आहे म्हणून. मग तिनं नाव पक्कं केलं.

दीड महिना उज्ज्वला घरातल्या मधल्या खोलीत राहिली. राजगोंडानं खिडक्यांना इतके जाड पडदे लावले की दुपारी बाराला दिवा लावावा लागे. पडद्यांना टाके घालायची त्याला सक्त मनाई होती. सकाळी चरक चालू करण्याआधी तो कुकर लावून जायचा, त्याचा भात कधी गच्च गोळा तर कधी खीर व्हायचा, आणि ती अंधारात बसून त्याला दारापलीकडून सूचना द्यायची. अंगात कुठे काय उसवतंय आणि कुठे काय सांधलं जातंय याचा तिला पत्ता लागत नव्हता. दोन वेळा ताप आला, तोंडाची चव गेली, हातापायांतली ताकद गेली. एके दिवशी ती घाबरून म्हणाली, “आतल्या बायका संपावर गेल्या वाटतं.” राजगोंडा दाराशी बसून राहिला, आणि आता त्याची विचारायची भीड अशी चेपली होती, की दर तासाला काय होतंय ते विचारून त्यानं तिला भंडावून सोडलं. शेवटी तिनं तक्रार केली की याच्यापेक्षा जुना नियम बरा होता. ताप उतरल्यावर मात्र त्यानं एक दुपार काहीच विचारलं नाही, तर तिनंच हाक मारून विचारलं, “आज चौकशी न्हाई?”

त्यानंतर, आधीच्या सुईचा अंमल पुरता उतरल्यावर, महिनाभर नवी सुई न देता रक्त तपासायचं होतं. विषाणू कुठे दडून राहिला असेल तर त्या महिन्यात डोकं वर काढणारच. त्या महिन्यात दोघंही नीट जेवली नाहीत.

निकालाच्या दिवशी डॉक्टरांनी राजगोंडालाही आत बोलावलं, उज्ज्वलाच्या परवानगीनं. “काकू, एकही ठिगळ सापडलं नाही,” त्या म्हणाल्या. “दोन वेगळ्या पद्धतींनी शोधलं. काही नाही.” आणि उज्ज्वलापुढे ठेवलेला पाण्याचा ग्लास त्यांनी स्वतःच पिऊन टाकला. राजगोंडाचं नाव पुढच्या खेपेच्या यादीत सर्वांत वर घातलं होतं, तेही त्यांनी दाखवलं.

परत येताना दोघं चालतच निघाले. दुपार होती, उज्ज्वलाला ऊन खायचं होतं. ती तोंड वर करून चालत होती, ओळखीच्या-अनोळखीच्या कुणाकडेही बघून हसत होती. बऱ्याच वेळानं तिच्या लक्षात आलं की शेजारचा माणूस गप्प आहे.

“काय झालं?”

“कुठं काय?”

“विचारलंय मी. सांगा.”

राजगोंडानं चपलेनं एक खडा बाजूला सारला. “तवा मेळाव्यात अटच होती, दोघंबी बाधित पाहिजेत म्हणून. त्या अटीत मी बसलो, म्हणून तुला मिळालो. न्हाईतर माझ्यात काय होतं? उसाचा चरक आणि घोरणं. आता तुला ती अट राहिली न्हाई.” तो कसनुसा हसला. “आता तू कुणालाबी पसंत पडशील.”

उज्ज्वला भर रस्त्यात थांबली. मागचा सायकलवाला घंटी वाजवत बाजूनं गेला.

“अहो, त्या अटीत बसणाऱ्यांनी अख्खा हॉल भरला होता,” ती म्हणाली. “त्यात तलाठी होता, शिक्षक होता, एक तर दिसायला तुमच्यापेक्षा लई देखणा होता. अट संस्थेची होती. त्यातून तुम्हाला निवडलं ते मी.”

हे राजगोंडाच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. लग्न आजारानं जुळवलं असं तो इतकी वर्षं धरून चालला होता.

“मग मलाच का?” त्यानं विचारलं.

उज्ज्वलानं चारचौघांत, मेन रोडवर, त्याचा हात धरला.

“सांगते,” ती म्हणाली. “पण सावकाश चला. लांबलचक हाय.”